सातव्या बरणीतलं मेण

२४ ऑक्टोबर १९८१, शनिवार

सुगंधा आली. एक कपड्यांची पिशवी आणि एक लाकडी पेटी. पेटीला हमालाला हात लावू दिला नाही. रिक्षातही मांडीवर घेऊन बसली होती म्हणे.

मनकर्णेला वाटलं, लेकीने गोव्याहून काजू आणले. पेटी उघडली तर कापसात बसवलेल्या काचेच्या सात बरण्या, आणि प्रत्येकीत राखाडी भुकटी.

"ही काय माती आणली गं?"

"समुद्राच्या तळाची आहे आई. वाळवलेली."

"मंग आपल्या इथं मातीला तोटा होता व्हय?"

तिघंही हसलो. दिवाळी झाली की सुगंधा हैदराबादला जाणार. तिथल्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तिचा नंबर तीन तारखेला लागलाय. तोवर माती आमच्याकडे मुक्कामाला. दिवाणखान्याच्या कपाटात माझ्या पेपरचे जुने अंक होते, ते काढून तिने बरण्या मांडल्या. अंक आता माझ्या पलंगाखाली आहेत. तक्रार नाही.

२५ ऑक्टोबर

सकाळी चहाला तिला म्हटलं, रविवारच्या पुरवणीसाठी तुझं काम समजावून सांग. पोलीस ॲक्शननंतर इथे मराठी पेपर निघायला लागले तेव्हापासून दुसऱ्यांचं लिखाण कापतोय. मुलीचं कापायची वेळ पहिलीच.

ती सांगत गेली, मी टिपत गेलो. समुद्राच्या गाळात तेलाच्या जातीचे पदार्थ असतातच. हायड्रोकार्बन — नुसता कार्बन आणि हायड्रोजन. रॉकेल, डांबर, मेणबत्ती, सगळे एकाच घराण्यातले. गाळात ते इतके थोडे असतात की बोटाला लागणार नाहीत. पण आहेत, तर आले कुठून? तिचं सगळं काम एवढ्या एका प्रश्नाचं.

उत्तरं तीन. पाण्यात तरंगणारे बारीक जीव मरून तळाशी बसतात, त्यांचे असू शकतात. नाहीतर जमिनीवरच्या झाडांचे. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब ठरत नाही ना, ते त्याच्यावरच्या मेणामुळे. पान कुजतं, मेण कुजत नाही. नदीबरोबर, वाऱ्याबरोबर समुद्रात जातं आणि हजारो वर्षं तसंच पडून राहतं. आणि तिसरं, खोल खडकातलं खनिज तेल — भेगांतून झिरपत वर आलेलं.

"ओळखायचं कसं?"

"कड्या मोजून. कार्बनच्या साखळ्या असतात आबा. समुद्रातल्या जिवांच्या आखूड, पंधरा-सतरा कड्यांच्या. पानावरच्या मेणाच्या लांब, आणि त्यात विषम आकडेच डोकं वर काढतात — सत्तावीस, एकोणतीस, एकतीस. खनिज तेलात मात्र सम-विषम सारखेच. जमिनीखाली इतकं शिजलेलं असतं की तो फरक पुसला जातो."

"मेण म्हणजे मधमाशीचं असतं तसंच?"

"त्यातही विषमच. पान काय, माशी काय, जिवंत गोष्टीची खोड तीच."

मुंबईजवळ समुद्रात तेल निघायला लागल्यापासून वाचकाला हा विषय गोड वाटतो. मथळा लगेच सुचला. तिला सांगितला. तिने कप खाली ठेवला.

"आबा, 'तेल सापडलं' असं छापलंत तर पुढच्या दिवाळीला मी गोव्यातच राहीन."

मथळा खोडला.

२८ ऑक्टोबर, पाडवा

ओवाळून झालं. मनकर्णेने बरण्यांपुढेही पणती ठेवली होती. सुगंधाने ती हळूच उचलून लांब नेली. "आई, तेलाचा धूरसुद्धा यंत्राला कळतो. तेलाचा हातही नको लावूस यांना." मनकर्णेने मान डोलावली आणि पुन्हा हात धुऊन आली.

१ नोव्हेंबर, रविवार

गेली. हैदराबादला जाणाऱ्या काचीगुड्याच्या गाडीत बसवून आलो. निघायच्या आधी जरा धावपळ झाली. सातव्या बरणीचं झाकण सैल, आतली चंदेरी फॉइलही फाटलेली. तिथे गेल्यावर बदलीन म्हणाली, आणि शेजारी निरोप घ्यायला गेली. पेटी मनकर्णेने भरून दिली.

ही सातवी बरणी सगळ्यांत लांबची — माती काढणारं जहाज किनारा सोडून जिथवर गेलं, तिथल्या तळाची.

घर मोठं वाटतंय. कपाट रिकामं, पण अंक परत ठेवावेसे वाटत नाहीत.

१४ नोव्हेंबर, शनिवार

कचेरीत ट्रंककॉल. आधी नुसती खरखर, मग तिचा आवाज. इतका मोठा की कंपोझिंगमध्ये खिळे जुळवणाऱ्या बद्रीनाथनेही मान वर केली.

"आबा, सातव्या बरणीत जमीन आहे!"

"म्हणजे?"

"पानांचं मेण. इतक्या लांब, इतक्या खोल! बाकी सहांत समुद्राचंच आहे सगळं, सातवीत मात्र विषम साखळ्या नुसत्या उभ्या राहिल्यात. पुन्हा चालवून बघितलं. तेच."

तिच्या गाईडांनी सांगितलंय, पुण्याच्या परिषदेत सतरा डिसेंबरला तू स्वतः वाच, तुझ्या नावाने. आजवर तिचं नाव चौथं-पाचवं असायचं. हा तिचा पहिला निबंध.

घरी येऊन सांगितलं. मनकर्णेला साखळ्या-बिखळ्या कळल्या नाहीत. "सातवीच ना? सैल झाकणाची?" एवढंच विचारलं आणि फार खूश झाली. मला त्या खुशीचा अर्थ लागला नाही. लेक पुढे गेली म्हणून असेल.

२९ नोव्हेंबर, रविवार

लेख पुरा. तीनदा लिहिला. माणसं मेली, धरणं झाली, सरकारं आली-गेली, सगळं एका बैठकीत लिहिलंय. हा होईना. प्रत्येक वाक्यात मुलगी दिसते आणि विशेषण घुसतं. शेवटी एकेक विशेषण उपटून काढलं. येत्या सहा तारखेला लागेल. शीर्षक — 'समुद्राच्या तळाशी एक पान'.

मनकर्णेला वाचून दाखवला. डोळ्याला पदर लावून ऐकला. मग म्हणाली, "लई चांगलं. माझं नाव कुठंच नाय ते बरं केलं."

तिचं नाव कशाला येईल, असं मनात आलं.

४ डिसेंबर, शुक्रवार

आज सगळं उलटं झालं. क्रमाने लिहितो.

सकाळी अजिंठ्याहून कडूबा आला, मनकर्णेचा धाकटा भाऊ. तुरीच्या शेंगांचं गाठोडं, आणि फडक्यात बांधलेला मेणाचा गोळा. डोंगराच्या कड्याला आग्या मोहोळं असतात. ती उतरली की बहिणीला वर्षाचं मेण आणून द्यायचा हा त्याचा नेम. मनकर्णा अजून जुन्या पद्धतीने कुंकू लावते. आधी कपाळावर मेणाचं बोट, त्यावर पिंजर. दुकानात टिकल्या आल्या, गल्लीतल्या सगळ्या बायका टिकल्या लावायला लागल्या. हिचा करंडा सुटला नाही.

कडूबाने बसल्या बसल्या सुरुवात केली.

"दाजी, पोरगी तिकडं चिखल वाळवती म्हणं. लग्नाचं बघा की कायतरी. चिखलाशी नांदायचं हाय का तिला?"

"तुझ्यासारखा एखादा भेटण्यापेक्षा चिखल बरा," मनकर्णा आतून म्हणाली.

कडूबा खदखदून हसला. मग गोळा पुढे सरकवत, "घ्या अक्का, औंदाचं. मागचं उरलं असंल की, उशीर झाला मला."

"उरतंय कुठलं. सुगंधाच्या बरणीला लावलं ना. झाकण सैल होतं, माती सांडली असती गाडीत. तेल लावू नको म्हणाली होती, म्हणून मेण चोळलं आट्यांना, आतून. मधाच्या बरणीला लावतो तसं. वरून पुसूनबी घेतलं, दिसाया नको म्हणून."

किती सहज म्हणाली. आवाजात अभिमानही होता. सैल झाकणाची बरणी तिने सुखरूप पोचवली होती, आणि त्याच बरणीत लेकीला काहीतरी मोठं सापडलं होतं. त्या दिवशीची तिची खुशी मला आता कळली.

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. पान काय, माशी काय, विषमच — हे तर माझ्याच लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे.

कचेरीत गेलो. आधी बद्रीनाथकडे. रविवारचं पान बांधून तयार.

"तो लेख काढा."

"कोणता? ताईंचा?" त्याला वाटलं, थट्टा करतोय. "साहेब, चौकट आवळून झाली. आता त्या जागी काय भरू, माझं डोकं?"

"पैठणीवरचा मजकूर पडून आहे तो भरा."

"तो दोनदा छापलाय."

"तिसऱ्यांदा छापा. लोक वाचतील."

मग गोव्याला ट्रंककॉल. जोडून मिळेपर्यंत दुपार उलटली. सांगितलं. लाइनवर खरखर. मला वाटलं, लाइन तुटली.

"सुगंधा?"

"आहे." मग, "आत लावलं? आट्यांना?"

"हो."

"हैदराबादला बरणी मी नाही उघडली, त्यांच्या माणसाने उघडली. मी नुसती भुकटी बघितली." मग, "आबा, आईला सांगू नका. शपथ आहे."

फोन ठेवला. अग्रलेखाचा विषय ठरवायचा होता. ठरवला. काय ठरवला ते घरी येईपर्यंत विसरलो.

५ डिसेंबर

ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो. आपलाच पेपर, आणि एक ओळ वाचली नाही.

६ डिसेंबर, रविवार

पान पैठणीसह निघालं. मनकर्णेने सकाळीच अंक उघडला. शेजारच्या साळूबाईला आधीच सांगून ठेवलं होतं, लेकीवर लेख येणार म्हणून.

"नाय आला?"

"जागा नव्हती."

तिने पानाकडे पाहिलं. पैठणीचं चित्र तीन कॉलम होतं. अंक घडी घालून ठेवला.

८ डिसेंबर, मंगळवार

काल पुन्हा सुगंधाचा फोन. रडण्याचं आटोपलेलं दिसलं, आवाज कामाचा होता. म्हणाली, गाईडांना सांगितलं. ते म्हणाले, आधी ते मेण यंत्रावर घालून बघू. मधमाशीच्या मेणाचे आकडे पुस्तकात आहेत, पण ते पाळीव माशीचे. आग्या मोहोळाचे तिला कुठे सापडले नाहीत. "त्याच मेणाचा तुकडा हवा आबा. जानेवारीत नंबर लागेल."

जानेवारी. परिषद सतरा डिसेंबरला.

"मग पुण्याला काय वाचणार?"

"सहा बरण्या. सातवी काढून."

सहा बरण्यांत समुद्राच्या तळाशी समुद्रच सापडला. त्याला कोण टाळ्या देणार?

आता मेण मागायचं म्हणजे मनकर्णेला काहीतरी सांगणं आलं. कालपासून खोट्याची जुळवाजुळव केली. जन्मभर शब्दांचा धंदा केला आणि बायकोपुढे टिकेल असं एक वाक्य सुचेना. आज जेवण झाल्यावर सरळ सांगितलं. जेवढं कळेल तेवढं, हळूहळू. तेल नको म्हणाली होती पण मेणही त्याच घराण्यातलं, हे सांगितलं. बरणीत सापडलेलं मेण कदाचित तुझ्या करंड्यातलं असेल, हेही.

ती ताटं उचलत होती. ताटं खाली ठेवली.

"म्हंजी तिचं सगळं खोटं ठरलं? माझ्यापायी?"

"अजून ठरलेलं नाही. तपासायचं आहे."

"पण ती वाचणार नाय. त्यो निबंध."

"सहा बरण्यांचा वाचेल."

"सातवी मी भरली ना." आणि मग, माझ्याकडे न बघता, "सांडू नये म्हणून केलं हो."

ठाऊक आहे म्हटलं. खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत भर दुपारी, दार उघडं असताना, पहिल्यांदाच ठेवला असेन. तिने तो काढला नाही.

मग उठून आत गेली. करंड्यात तळाशी राहिलेलं जुनं मेण खरवडून काढलं, आणि कडूबाने आणलेला अख्खा गोळाही आणून माझ्यापुढे ठेवला.

"सगळंच पाठवा. मला नको."

९ डिसेंबर

आज तिने कुंकू पाण्याने लावलं. दहा वाजेपर्यंत वाळून झडलं. नाकावर लाल भुकटी पडली होती, तिला कळलं नाही. मी सांगितलं नाही. पुसून टाकली.

१७ डिसेंबर, गुरुवार

पुण्याहून फोन. वाचला म्हणाली. एकाने विचारलं, सातव्या ठिकाणचा नमुना घेतलेला दिसतो, निष्कर्ष का नाहीत? ती म्हणाली, नमुना दूषित झाल्याची शंका आहे, तपास चालू आहे. कशाने दूषित झाला, कुणी विचारलं नाही.

"विचारलं असतं तर?"

"आईच्या मेणाने, असं सांगणार होते. तयारी केली होती."

२० डिसेंबर, रविवार

सुगंधा सकाळच्या बसने आली. मेण घेऊन परवा पुढे जाणार. मनकर्णा दारात गेली, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पण जवळ घेतलं नाही. दोन्ही हात पदरात. दिवसभर लेकीच्या पिशवीपासून चार हात लांब. चहाही मलाच नेऊन द्यायला लावला. पिशवी खुर्चीवर होती, तर ती खुर्चीसुद्धा झाडली नाही.

संध्याकाळी सुगंधाने घरच्या ट्रंकेतून आपले सगळे कपडे बाहेर काढले आणि ढीग पलंगावर टाकला.

"आई, पिशवी भरून दे."

"तूच भर. माझ्या हाताला काय-काय लागलेलं असतं."

"तू भरलेल्या पिशवीत दुप्पट मावतं. मला नाही जमत."

"नको गं. उगं पुन्यांदा काय झालं तर?"

"कपड्यांना काय होतंय?"

"मला काय ठावं कशाला काय होतंय!" आवाज चिरकला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

सुगंधा उठली. आईचे हात पदरातून ओढून काढले, आणि दोन्ही तळवे उलटे-सुलटे करून पाहिले. मग हुंगले.

"लसूण," ती म्हणाली. "तुरीच्या शेंगा. थोडं गोडेतेल. लाइफबॉय."

मनकर्णेला हसू फुटलं. हसता हसताच रडायला लागली.

"मी तुझ्यावर चिडले होते," सुगंधा म्हणाली. "एक दिवस. खूप चिडले. वसतिगृहात जेवले नाही."

"बरं केलंस. चिडायलाच पायजे. पण जेवायचं सोडू नये."

"आता झालं."

"खरं?"

"खरं. आता पिशवी भर."

भरली. दुप्पट मावलं. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. त्यातलं एक अक्षर सांगता येणार नाही.

रात्री जेवताना सुगंधा बोलून गेली, मेण जुळलं तर सातवी बरणी रद्द. पुन्हा जहाज त्या जागी जाईल तेव्हा नवा नमुना. ते कधी, कुणाला माहीत नाही. एक वर्ष, चार वर्षं. ती शांतपणे सांगत होती. मनकर्णा भाकरी वाढत होती, थांबली नाही. एक जास्तच वाढली.

२२ डिसेंबर

गाडीत बसवून आलो. मेणाचा गोळा नव्या फॉइलमध्ये, स्वतंत्र डब्यात. डबा मनकर्णेने दिला, आणि आधी सुगंधाला विचारलं, "ह्यो चालंल का?" तिने डबा धुऊन, वाळवून, आत पाहून मग हो म्हटलं. दोघी अगदी गंभीर. जणू एकाच प्रयोगशाळेत नोकरीला आहेत.

३ जानेवारी १९८२

काही कळलं नाही. मनकर्णा पाण्यानेच कुंकू लावते आहे. गोळ्यातला थोडा तुकडा ठेवून घे, असं सुगंधाने सांगितलं होतं. तिने ठेवला नाही.

८ जानेवारी

बद्रीनाथने विचारलं, "ताईंचा मजकूर अजून गॅलीत बांधून ठेवलाय. खिळे अडकलेत. सोडवू का?"

थांबा म्हटलं. सोमवारी सुगंधाचा फोन यायचाय, तोपर्यंत.

११ जानेवारी, सोमवार

ट्रंककॉल आला. मोहोळाच्या मेणाच्या आलेखात सगळ्यांत उंच रेघ सत्तावीस कड्यांची. सातव्या बरणीच्या आलेखात सगळ्यांत उंच एकतीस, आणि सत्तावीस जवळजवळ नाहीच. सुगंधाने दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात पाहिले. बरणीत मनकर्णेचं मेण उतरलंच नव्हतं. आहे ते पानाचंच. बहुधा गवताचं, म्हणते.

घरी येऊन सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले.

मग म्हणाली, "आमच्या लेण्यांखालून वाघूर वाहती, पान-गवत घेऊन. ती तापीला मिळती. अन् तापी कुठं जाती हो?"

समुद्रात, म्हटलं. त्याच समुद्रात.